बांध दोघांचा, उंदीरही दोघांचे

वाचकाचं पत्र

"आमची कोरेगाव तालुक्यात (जि. सातारा) दोन एकर बागायत आहे. धोमच्या कालव्याची चारी बांधाला लागूनच जाते. नोव्हेंबरच्या मध्याला गहू पेरलाय. मागच्या साली ओंब्या भरत आल्या आणि चारीकडच्या कडेनं उंदरांनी पट्टेच्या पट्टे कापून नेले. यजमानांनी काळी पावडर पिठात मळून त्याच्या गोळ्या टाकल्या. पहिल्या रात्री पाच-सहा मेले, पुढं कशाला शिवलेच नाहीत. यंदा बांधावर आताच ताजी माती दिसायला लागलीय. शेजारच्या उसाचे मालक पुण्याला असतात, वाटेकरी बघतो. तो म्हणतो, उसाला काय होतंय. यजमानांनी कुणाकडून तरी धान्यात ठेवायच्या गोळ्यांची डबी आणलीय, बिळात टाकायला. ती सध्या फडताळात आहे. घरात दोन लहान मुलं आणि कुत्रं आहे. सासूबाई म्हणतात, गणपतीचं वाहन आहे, विष घालू नका. मी काय करू? आणि हाती येईल तो गहू घरात कसा ठेवू?"

सल्ला

ताई, नमस्कार.

बाकी सगळं नंतर. आधी फडताळातली ती डबी घराबाहेर काढा. उघडू नका, झाकण सैल झालंय का म्हणून हुंगून बघू नका, आणि मुलांच्या हाती तर देऊच नका. जिथं कुणी झोपत नाही, जनावरं बांधत नाहीत, पाणी लागत नाही आणि कुलूप घालता येतं अशा जागी ती ठेवा. मग यजमानांना सांगा, जिथून आणली तिथं परत करा, नाहीतर गावच्या कृषी सहाय्यकाला किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारून तिची विल्हेवाट लावा. विहिरीत, चारीत, शौचालयात टाकू नका. मातीत पुरूही नका.

या गोळ्या म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. तीन ग्रॅमची एक गोळी हवेतल्या ओलाव्यानं विरघळत जाते आणि त्यातून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. या वायूवर जगात कुठंही उतारा नाही. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. घरात धान्याच्या पोत्यांत या गोळ्या ठेवून त्याच खोलीत झोपलेली लेकरं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. म्हणूनच केंद्राच्या नियमानं हे औषध सरकारी यंत्रणा आणि मान्यता असलेले कीड नियंत्रण करणारे लोक यांनीच, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचं आहे. शेतकऱ्यानं खिशातून डबी काढून बांधावर गोळ्या टाकत फिरायचं हे औषध नव्हे. घरात कधी लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, कुणाला मळमळ, छातीत दडपण, चक्कर असं काही झालं, तर सगळ्यांनी उघड्यावर यायचं आणि १०८ ला फोन करून थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. जाताना डबीवरचं नाव सांगायला विसरू नका.

यजमानांची नियत वाईट नव्हती हे मला कळतं. मागच्या साली हातातोंडाशी आलेलं पीक गेलं की माणूस मिळेल ते आणतो. त्यांना एवढंच सांगा की तुमच्या रानात या गोळीचा उपयोगही फारसा होणार नाही. काळ्या रानाला हिवाळा सरताना भेगा पडतात. बिळाचं तोंड कितीही चोपून बंद केलं तरी वायू भेगांतून निघून जातो. उंदीर दुसऱ्या वाटेनं पळतो, आणि जो माणूस वाकून गोळ्या टाकत असतो त्याच्या नाकात वायू जातो.

ओघात आणखी एक सांगते. काही गावांत अजून बिळांत फोरेट टाकतात, ज्याला सगळे थिमेट म्हणतात. त्यावर केंद्राच्या २०१८ च्या आदेशानं बंदी आली आणि २०२० च्या अखेरीपासून वापरही बंद झाला. कुणाच्या गोठ्यात जुनी पुडी पडलेली असेल आणि तो मायेनं देऊ करत असेल, तरी घेऊ नका. आणि बांधाभोवती तार ओढून त्यात वीज सोडायचा विचार कुणी बोलून दाखवला तर तिथंच थांबवा. त्या तारेवर रात्री पाण्याची पाळी द्यायला निघालेला माणूसच आधी सापडतो.

आता उंदरांकडे वळू.

तुम्ही लिहिलंय, बांधावर ताजी माती दिसते. हीच सगळ्यात कामाची खूण आहे. सकाळी लवकर, दव असताना बांधावरून सावकाश चालत जा. भोकाच्या तोंडाशी ओलसर, मोकळी, गडद मातीची रास असेल आणि भोक मातीनंच आतून बुजवलेलं असेल, तर तो काळपट, दणकट, आखूड तोंडाचा उंदीर, ज्याला जाणकार लहान घूस म्हणतात. कालव्याच्या कडेला, ऊस आणि गव्हाच्या रानात तोच मुख्य चोर. त्याच्या बिळात फांद्या फुटलेल्या वाटा असतात, एक घरट्याची खोली असते आणि एक-दोन कोठ्या, जिथं तो कापलेल्या ओंब्या साठवतो. शिवाय पळवाट असते. तिच्यावर मातीचा पातळ थर ठेवलेला असतो, त्यामुळं वरून काहीच दिसत नाही. तुम्ही पुढच्या तोंडाशी खटपट करता तेव्हा तो मागून तो थर फोडून निघून जातो. ज्या भोकाचं तोंड गुळगुळीत आणि उघडं असतं, माती फारशी नसते, ते दुसऱ्या जातीच्या उंदराचं असतं. बीळ रुंद असेल, आसपास लांब काटे पडले असतील, तर ते साळिंदराचं. त्याला हात लावायचा नाही, ते वनखात्याचं प्रकरण. चारीच्या काठाला चिखलाच्या गोळ्यांनी वेढलेली भोकं खेकड्यांची असतात. त्यांत औषध टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

गव्हाचं कापलेलं ताट हातात घेऊन बघा. उंदरानं कापलेलं ताट तिरपं कापलेलं असतं, विळ्यानं मारल्यासारखं, जमिनीपासून चार-सहा बोटांवर. खाली हिरवे तुकडे पडलेले असतात आणि ओंबी गायब. अळीनं खाल्लेलं असं दिसत नाही. हे यजमानांना दाखवा, म्हणजे भलतीच फवारणी करण्यात पैसे जाणार नाहीत.

कुठलंही औषध आणण्याआधी एक संध्याकाळ मोजणीला द्या. आपल्याकडे लोक सरसकट सगळ्या भोकांत औषध टाकतात. त्यातली निम्मी भोकं कधीच ओस पडलेली असतात. संध्याकाळी उघडी भोकं ओल्या मातीनं बुजवा आणि मातीनं बुजलेली भोकं काठीनं उकरून मोकळी करा. सकाळी जिथं तुमच्या कामाच्या उलट झालेलं दिसेल, म्हणजे बुजवलेलं उघडलंय किंवा उघडलेलं बुजवलंय, तिथं उंदीर आहे. त्या प्रत्येक भोकाशेजारी चिंधी बांधलेली काडी रोवा. औषध फक्त त्या काड्यांपाशी जाणार. बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं, भोकं बुजवा आणि उघडलेली मोजा. तुमच्याकडचा उंदीर स्वतःच तोंड बुजवून बसतो, म्हणून मी उलटंही करायला सांगते आहे.

हे करताना बिळात हात घालायचा नाही. उंदराच्या बिळात नाग, घोणस येऊन बसतात, आणि हिवाळ्यात सकाळच्या उन्हाला तोंडाशीच पडून असतात. पायात बूट, हातात लांब काठी, अंधार असेल तर बॅटरी. दंश झालाच तर कापणं, चोखणं, मंत्र या कशात वेळ घालवू नका. हात-पाय न हलवता दवाखाना गाठायचा.

मागच्या साली पहिल्या रात्री पाच-सहा मेले आणि पुढं कुणी शिवलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. उत्तर त्यातच आहे. ती काळी पावडर म्हणजे झिंक फॉस्फाइड. उंदीर नवी वस्तू एकदम पोटभर खात नाही, आधी थोडी चाखतो. चाखून पोट दुखलं, पण जीव वाचला, की त्या वासाचं, त्या चवीचं काहीही तो बरेच दिवस तोंडाला लावत नाही. म्हणून झिंक फॉस्फाइड टाकायचं तर आधी दोन-तीन दिवस नुसती भरड तेल लावून, विषाशिवाय, बिळात ठेवायची असते. तो निर्धास्तपणे खायला लागला की मग विषारी आमिष, ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग पावडर, आणि तेही एका हंगामात एकदाच. तुमच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी विष दिलं. जे वाचले ते शहाणे झाले.

दुसरं म्हणजे वेळ. गव्हात दाणा भरायला लागला की उंदराच्या डोक्यावर चोवीस तास ताजं, दुधाळ जेवण लोंबत असतं. ते सोडून तो तुमची पिठाची गोळी कशाला खाईल? मागच्या वर्षी ओंब्या भरताना तुम्ही जागे झालात आणि तिथंच खेळ संपला होता. यंदा पेरणी नोव्हेंबरच्या मध्याची म्हणजे ओंबी बाहेर पडायला साधारण जानेवारीचा मध्य उजाडेल. फुटवे ते कांडी धरण्याचा काळ हाच तुमचा खरा मोका. आता रानात खायला फारसं नाही, आमिषाला उंदीर येतो, आणि माद्या वितात त्याआधी त्यांना गाठता येतं. या उंदराच्या मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात. डिसेंबरअखेर वाचलेली एक मादी मार्चमध्ये किती तोंडं घेऊन ओंब्यांवर येते, याचा हिशेब तुम्हीच करा.

तुमच्या घरात मुलं आणि कुत्रं आहे, म्हणून माझी पसंती ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाला. ०.००५ टक्क्यांच्या तयार वड्या कृषी सेवा केंद्रात मिळतात. त्याला आधी नुसती भरड खाऊ घालायची गरज नाही. यानं उंदराचं रक्त गोठणं थांबतं. तो लगेच मरत नाही, चार-पाच दिवसांनी किंवा आठवड्यानं मरतो, बहुतेकदा बिळातच. त्यामुळं बाकीच्यांना संशय येत नाही. आणि माणसासाठी यावर उतारा आहे, जीवनसत्त्व के-१, जो दवाखान्यात मिळतो. पण उतारा आहे म्हणून सैल राहू नका. मुलानं वडी तोंडात घातली तर पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीच होत नाही, आणि आईबापाला वाटतं, बचावलं. नंतर हिरड्यांतून, नाकातून रक्त यायला लागतं. म्हणून चाखल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी वेष्टन घेऊन डॉक्टरकडे जायचं.

चिंधीची काडी असेल त्या प्रत्येक बिळात साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे बहुतेक कंपन्यांची एक वडी. हातात प्लॅस्टिकचे मोजे घाला. वडी काठीनं किंवा पाइपच्या तुकड्यातून वीतभर आत सरकवा आणि तोंडावर ढेकूळ हलकंच टेकवा, म्हणजे पाखरं, कुत्री, कोंबड्या तिथवर पोचत नाहीत. उंदीर ते ढेकूळ सहज सरकवतो. वडी बांधावर उघडी टाकायची नाही, पिकात फेकायची नाही. आठ-दहा दिवसांनी संध्याकाळची तीच मोजणी पुन्हा करा आणि जिथं अजून हालचाल आहे तिथं दुसरी वडी. बाहेर मेलेला उंदीर दिसला की मोजे घालून उचला आणि खोल पुरा. त्याच्या मुताच्या संसर्गानं लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होतो. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना तो चांगला माहीत आहे. शिवाय मेलेला उंदीर उघड्यावर राहिला तर घुबड, घार, मांजर तो खातात आणि त्यांनाही बाधतं. बीळ खणताना ओंब्यांचा साठा सापडला, तर तोही खाण्यात घेऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

आता मुख्य गोष्ट, शेजारचा ऊस.

वाटेकरी म्हणतो उसाला काय होतंय. त्याला पडलेल्या उसाची एक मोळी उचलून दाखवा. खालची दोन-तीन कांडी कुरतडलेली आणि आतून लाल पडलेली दिसतील. वजन तिथंच गेलं. पण त्याहून मोठी गोष्ट तोडीची आहे. कारखान्याची टोळी येते, दोन-चार दिवसांत फड मोकळा होतो, आणि वर्षभर त्या पाचटाच्या सावलीत वाढलेले उंदीर एका रात्रीत बेघर होतात. ते कुठं जाणार? शेजारच्या हिरव्यागार गव्हात. मागच्या साली तुमच्या गव्हावर उंदीर एकदम तुटून पडले असं वाटलं असेल, तर शेजारची तोड कधी झाली होती हे आठवून बघा. नुसत्या तुमच्या दोन एकरांतली बिळं साफ करून उपयोग एवढाच की त्या उंदरांना रिकामी घरं मिळतात.

तेव्हा वाटेकऱ्याकडून तोडीची तारीख मागून घ्या. कारखान्याच्या शेतकी विभागाच्या माणसाकडे नोंद असते, वाटेकऱ्याला अंदाज असतोच. तोडीच्या दहा-बारा दिवस आधी बांधाच्या दोन्ही अंगांची बिळं एकाच दिवशी मोजा आणि वड्या घाला. तोड झाली की लगेच, त्याच आठवड्यात, पुन्हा एकदा. फड मोकळा झाल्यावर बांध उघडा पडतो आणि बिळं जशी दिसतात तशी वर्षात दुसऱ्या कुठल्याच वेळी दिसत नाहीत. वड्यांचा खर्च निम्मा-निम्मा करा. तो नाहीच म्हणाला, तर त्याच्या अंगाच्या वड्याही तुम्ही आणा. काही शेकड्यांचा प्रश्न असतो आणि तुमचा गहू त्याहून मोलाचा आहे. पुण्याच्या मालकांना फोन करा, पण तक्रारीचा सूर नको. बांधाला पडलेल्या भोकांतून चारीचं पाणी तुमच्या उसातून निघून जातंय, असं सांगा. पाण्याची गोष्ट शेतमालकाला लवकर पटते.

याच कारणासाठी चारीवरच्या बाकीच्यांनाही गोळा करता येईल. तुमच्या भागात पाणी वापर संस्था असेल तर तिच्या बैठकीत विषय काढा. चारी फुटली की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सात-आठ खातेदार एका दिवशी बांधावर उतरले तर जे काम होतं ते एकट्याच्या चार वर्षांच्या खटपटीनं होत नाही. आणि उन्हाळ्यात, रानं मोकळी असताना, मे महिन्यात पावसाच्या आधी हीच फेरी पुन्हा करा. त्या वेळी उंदरांची संख्या कमी असते, खायला कमी असतं. एका वडीचं तेव्हाचं मोल जास्त.

बांध जितका रुंद आणि गवताळ, तितका उंदराला प्यारा. गवत कापून स्वच्छ ठेवा, काट्याकुट्यांचे ढीग बांधावर रचू नका. पण बांध बारीक करायला म्हणून शेजाऱ्याच्या अंगानं कुदळ लावू नका. बांध कोरल्यावरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कोर्टात गेल्यात. दोघांनी मिळून, समोरासमोर ठरवून काय ते करा. पाचट पेटवून देऊन उंदीर जातील असंही कुणी सांगेल. जमिनीचं सोनं जळेल आणि उंदीर हातभर खाली थंड बिळात बसून राहील.

सासूबाईंचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. ज्या घरात गणपती बसतो त्या घरातल्या बाईला उंदराला विष घालताना वाईट वाटतं, यात काहीच चूक नाही. त्यांना गप्प बसवू नका, त्यांच्या मनासारखी बरीच कामं आहेत. पिंजरे लावता येतात. बांधावरच्या बिळात गोवऱ्यांची धुरी देता येते. मडक्याच्या बुडाला भोक पाडून ते बिळाच्या तोंडावर बसवायचं, आत गोवरी आणि ओला पाला धुमसत ठेवायचा, बाकीची तोंडं बंद करायची. ही जुनी रीत आहे. थोड्या बिळांपुरती ती चालते. फक्त मडक्यासमोर वाकून धूर स्वतः घेऊ नका आणि जवळ वाळलेलं पाचट नको. चिकट पट्ट्या मात्र मी कुणालाच सुचवत नाही. जीव तासन् तास तडफडत राहतो, आणि पाल, चिमणी, धामणीचं पिल्लूही त्यात सापडतं.

आणि सासूबाईंना सांगा की गणपतीच्या वाहनावर लक्ष ठेवायला लक्ष्मीचं वाहन आहे. गव्हाणी घुबड, ते पांढुरक्या, बदामी आकाराच्या तोंडाचं, जवळजवळ फक्त उंदरांवर जगतं. पिल्लं असली की रात्रभर त्याच्या खेपा चालू असतात. इस्राएलमध्ये बेत शेआन खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात शेतात खांबांवर लाकडी पेट्या लावून गव्हाणी घुबडांना घर दिलं. पुढं शेजारच्या जॉर्डनमधले आणि पॅलेस्टिनी शेतकरीही त्यात आले, कारण घुबड सीमा बघत नाही. आपल्याकडे पडक्या वाड्यात, वडाच्या ढोलीत ते आपोआप असतं, आणि आपण अपशकुनी म्हणून दगड मारतो. ते होऊ देऊ नका. गव्हात आता बैठकीसाठी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या, पिकाच्या वर हात-दीड हात येतील अशा काठ्या रोवा, एकरी आठ-दहा. रात्री घुबड, पिंगळा त्यावर बसून टेहळणी करतात. दाणे भरायला लागले की त्या काढून घ्या, नाहीतर चिमण्या, पोपट त्यावरच बसून ओंब्या खातात. धामणीचंही तेच. ती बिनविषारी आहे आणि थेट बिळात शिरून उंदरांची पिल्लं खाते. तिला नाग समजून मारलं तर तुमचा रात्रंदिवस राबणारा राखणदार गेला. कायद्यानंही तिला संरक्षण आहे. नागपंचमीला पूजा करणाऱ्या सासूबाई हे काम गावात तुमच्यापेक्षा चांगलं करतील.

घुबड आणि धामण यांच्या भरवशावर यंदाचा गहू सोडू नका मात्र. त्यांचा हातभार वर्षांच्या हिशेबानं लागतो. यंदा वडी, मोजणी आणि शेजारी, या तिन्हींवाचून निभणार नाही.

राहिला घरातला गहू. कापणी-मळणी झाली की चांगलं ऊन द्या. दाणा दाताखाली घेतला तर कट् असा आवाज आला पाहिजे, दबता कामा नये. ओला दाणा किडतो आणि मग माणूस पुन्हा त्याच डबीकडे वळतो. पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी सगळ्यात बरी, उंदराला दात लावता येत नाही. पोत्यात ठेवायचा असेल तर पोती जमिनीवर आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून दीड-दोन फूट जागा, म्हणजे मागून झाडता येतं आणि लेंड्या दिसतात. दाराच्या खालची फट बोटभर जरी असली तरी पत्र्याची पट्टी ठोका. लहान उंदराला तेवढी पुरते. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा. कोठीत कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालणं ही तुमच्या सासूबाईंच्या हातची रीत असेलच, ती चालू ठेवा, त्यानं किडीला थोडा अटकाव होतो. उंदरासाठी घरात पिंजराच लावा. खोबऱ्याचा तुकडा थोडा भाजून घातला की लवकर येतो. ब्रोमॅडिओलोनची वडी घरात, स्वयंपाकघराच्या आसपास, मुलांच्या हाताला येईल अशा कुठल्याही जागी नको. उरलेल्या वड्या त्याच वेष्टनात, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, कुलूपबंद ठेवा. डब्यात किंवा गोळ्या-बिस्किटांच्या जुन्या बरणीत काढून ठेवू नका.

तोडीची तारीख कळली की चिंधीच्या काड्या करायला मुलांना सांगा. तेवढं एक काम त्यांच्याकडून करून घ्यायला हरकत नाही.